जुन्या टाटा १२१० च्या इंजिनातील गाळ : कामाच्या नोंदी

१२ जून २०२४

मामांचा टाटा १२१० आज करवीर तालुक्यातील शेडमध्ये आणून उभा केला. हंगामात हा ट्रक उसाच्या वाहतुकीला असतो, उरलेल्या काळात काम मिळेल तशी वीट आणि खडी ओढतो आणि पावसाळ्यात बहुतेक उभाच राहतो. इंजिन टाटा ६९७ आहे, म्हणजे सहा सिलिंडरांचे आणि ९७ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १२८ मिलिमीटर, क्षमता ५,६७५ घन सेंटिमीटर. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, त्या घराण्याची खूण या इंजिनाच्या मापांत अजून दिसते, कारण बोअर आणि स्ट्रोकची हीच जोडी मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनात आहे. मजबूत, साधे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतील असे हे इंजिन असल्यामुळे ते काढून दुसरे बसवण्याचा विचार प्रथमपासूनच बाजूला ठेवला आहे.

तक्रारी अशा आहेत. ऑइल प्रेशरचा काटा थंड इंजिनावर बरा असतो, पण चढाला लागल्यावर खाली येतो. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर निघतो. गिअरबॉक्सच्या बाजूने, म्हणजे क्रँकच्या मागच्या सीलमधून, ऑइल गळते आणि ते सील यापूर्वी दोनदा बदलूनही गळती थांबलेली नाही. ऑइल भरण्याचे झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूला फिकट तपकिरी, मलईदार थर बोटाला लागला. या चारही तक्रारींचे मूळ एक असू शकते, असे त्या झाकणावरूनच वाटले.

१४ जून

काहीही उघडण्यापूर्वी मोजमापे घेतली, कारण एकदा इंजिन उघडले की ते आधी कसे वागत होते हे सांगणारा पुरावा उरत नाही.

डॅशबोर्डवरील काट्यावर विश्वास न ठेवता ब्लॉकवर वेगळा गेज लावला. गरम इंजिनावर मंद चालीला प्रेशर सुमारे १ बार होते, जे या वयाच्या इंजिनाला चालण्यासारखे आहे. चाल वाढवल्यावर ते ३ बारच्या पुढे गेले, पण तीच चाल काही वेळ धरून ठेवली तेव्हा काटा थरथरत खाली सरकू लागला आणि दीड बारवर येऊन थांबला. हा फरक महत्त्वाचा आहे. बेअरिंग झिजलेली असतील तर प्रेशर मंद चालीला पडते आणि चाल वाढली की सुधारते. येथे त्याच्या उलट घडत होते, म्हणजे पंपाला जितके ऑइल हवे तितके खालून मिळत नव्हते. पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरली असण्याचे हे लक्षण आहे. असे इंजिन रिकाम्या ट्रकवर महिनोन्महिने तक्रारीविना चालते आणि भरल्या ट्रकने घाट चढताना ऑइलअभावी त्याचे बेअरिंग धरते, म्हणजे तापून जाम होते.

क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनखालच्या बंद भागातील, दाब मोजण्यासाठी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरले आणि एक टोक ऑइलची पातळी पाहण्याच्या काट्याच्या (डिपस्टिकच्या) नळीला हवाबंद जोडले. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ९० मिलिमीटरच्या आसपास फरक पडला, जो फारच जास्त आहे. पिस्टनच्या बाजूने थोडे वायू खाली उतरणे प्रत्येक इंजिनात घडते. त्यांना बाहेर पडायला ब्रीदरची, म्हणजे हवा सोडणाऱ्या नळीची, वाट असते आणि ती बुजली की ते सीलमधून वाट काढतात. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरांत २० ते २२ बारच्या दरम्यान मिळाले, म्हणजे रिंगा इतक्या खराब नाहीत की त्यांच्यामुळे एवढा दाब साठावा. मागचे सील दोनदा बदलूनही का गळते, याचे उत्तर बहुधा ब्रीदरमध्ये आहे.

हेडच्या पाण्याच्या तोंडाशी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. अर्धा तास चालवून आणल्यावरही तापमान ६२ अंशांच्या वर गेले नाही. बाहेर जूनची दमट हवा असताना डिझेल इंजिन इतके थंड राहते, ही गोष्ट मला प्रेशरच्या आकड्याइतकीच खटकली.

ऑइलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकून रात्रभर ठेवला. चांगल्या ऑइलमध्ये काजळी पसरवून धरणारी रसायने शिल्लक असतात, त्यामुळे डाग मधून बाहेरपर्यंत एकसारखा करडा पसरतो. येथे मध्यभागी टाचणीने आखल्यासारखा घट्ट काळा ठिपका राहिला आणि बाहेर जवळजवळ स्वच्छ तेलाचे कडे उमटले. याचा अर्थ काजळीला धरून ठेवण्याची ताकद संपली आहे आणि ती जिथे वाव मिळेल तिथे खाली बसत आहे. त्याच ऑइलचा दुसरा थेंब गरम तव्यावर टाकला तर तो तडतडला, म्हणजे त्यात पाणी आहे. ही परीक्षा ढोबळ असली तरी साधारण ०.१ टक्क्याच्या वर पाणी असेल तर ती ते दाखवून देते.

१५ जून

टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचे झाकण, काढले. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या रॉकर शाफ्टच्या आजूबाजूला, स्प्रिंगांच्या मधल्या जागेत आणि कव्हरच्या आतल्या कोपऱ्यांत गुऱ्हाळाच्या काहिलीवरून काढलेल्या मळीसारखा काळपट, चिकट गाळ साचलेला होता आणि कव्हरच्या सर्वांत थंड भागात, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याच्या बाजूला, त्याचा रंग फिका होऊन तो लोण्यासारखा झाला होता. हेडवरील ऑइल खाली परत जाण्याची छिद्रे शोधायला लागली, इतकी ती बुजलेली होती. तार घालून त्यांतले एक मोकळे केले तेव्हा वर साठलेले ऑइल गुडगुड आवाज करत खाली गेले. निळ्या धुराचा उलगडा येथे झाला : रात्रभर हेडवर उभे राहिलेले ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून सिलिंडरमध्ये झिरपते आणि सकाळी जळते. व्हॉल्व्ह सील बदलून हा धूर काही दिवस कमी झाला असता, गेला नसता.

ब्रीदरची नळी काढून तोंडाने फुंकून पाहिली, हवा जाईना. आतली तारेची जाळी पूर्ण घट्ट झाली होती.

त्यानंतर पाण्याच्या तोंडावरील थर्मोस्टॅटचे, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेचे, घर उघडले. ते रिकामे होते. थर्मोस्टॅट वॉल कोणी आणि कधी काढला हे विचारल्यावर मामा म्हणाले, “गाडी कारखान्याच्या यार्डात गरम व्हायची रे. एका मिस्त्रीनं वॉल काढून टाकला, तवापास्नं कधी गरम झाली न्हाई बघ.”

ट्रकवाल्यांमध्ये ही समजूत इतकी रुजली आहे की थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा असेच अनेक जण मानतात. प्रत्यक्षात तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन कधीच कामाच्या तापमानाला येत नाही. एक लिटर डिझेल जळताना वाफेच्या रूपात जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील थोडा अंश पिस्टनच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरतो. इंजिन ८० अंशांच्या वर चालत असेल तर ती वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. इंजिन ६० अंशांवर चालत असेल आणि ब्रीदरही बुजलेला असेल तर ती आतल्या थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, काजळीला एकत्र आणते आणि ऑइलमधील आम्लरोधक व गाळ पसरवणारी रसायने वेळेआधी संपवते. शिवाय ज्या थर्मोस्टॅटचे काम उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत फिरवणारी, वाट बंद करण्याचेही असते, तो काढल्यावर बायपास कायम उघडा राहतो आणि भार वाढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो. थोडक्यात, ज्या भीतीने वॉल काढला तीच आपत्ती भर चढावर ओढवू शकते. यार्डात इंजिन गरम होण्याचे कारण मी रेडिएटरच्या बाहेरच्या अंगाला शोधले आणि ते तेथेच सापडले. पाचटाचा आणि धुळीचा थर त्याच्या नळ्यांच्या मधल्या फटींत भरला आहे.

१८ जून

गाळ काढायचा कसा, यावर आज चर्चा झाली. कामाला मदत करणारे मिस्त्री या इंजिनांवर माझ्या वयापेक्षा जास्त काळ काम करत आहेत आणि त्यांचे मत सरळ होते : “दोन लिटर रॉकेल घाला, पाच मिनटं चालवा, सगळं काळं खाली येतंय बघा.” हा उपाय सर्वत्र चालतो आणि अनेकदा इंजिन त्यातून निभावूनही जाते, हे मलाही मान्य आहे. मात्र ज्या इंजिनाची जाळी आधीच अर्धी बुजली आहे, त्यात हेडवरचा सगळा गाळ एकदम सुटून खाली आला तर तो जाळीवरच जाऊन बसणार, आणि रॉकेल मिसळल्यामुळे पातळ झालेल्या ऑइलची पापुद्र्याएवढी फिल्म ज्या क्षणी बेअरिंगला सर्वांत गरजेची आहे त्याच क्षणी ती तुटणार. बाजारात मिळणारी फ्लशिंगची रसायनेही हेच काम जरा सभ्यपणे करतात. गाळ पातळ थराचा असता, जाळी मोकळी असती, तर मी त्यांना हरकत घेतली नसती.

फिल्टरवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. फिल्टर भरला की त्यातील बायपास उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते. बेअरिंग कोरडे राहण्यापेक्षा घाण ऑइल परवडले, असा त्यामागचा हिशेब असतो. म्हणून ठरले ते असे : वरचा गाळ हाताने काढायचा, तो खाली पडू द्यायचा नाही, आणि नंतर चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे, उतरवून खालचा गाळ काढायचा. मिस्त्रींनी मान हलवली, पण “मग जॅक आणि घोड्या उद्याच आणायला पाहिजेत,” एवढेच म्हणाले. (घोड्या म्हणजे ट्रक उचलून धरणारे लोखंडी टेकू.)

१९ जून

वरचे काम. परतीच्या छिद्रांत कापडी बोळे घातले आणि त्यांना दोरा बांधून बाहेर सोडला, म्हणजे एखादा आत विसरला जाण्याचा संभव राहू नये. धातूची खरवडणी वापरली नाही. बांबूच्या कामट्या तासून घेतल्या, कारण हेडच्या पृष्ठभागावर ओरखडे नको होते आणि बांबूचा तुकडा तुटलाच तर तो बेअरिंगला लोखंडाच्या चुऱ्याइतका घातक नसतो. गाळ कामटीने उचलून डब्यात घेतला, मग उरलेला पातळ थर डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी पुसला. सुती बनियनच्या चिंध्या चांगल्या. कॉटन वेस्टचे धागे सुटतात आणि शेवटी तेही जाळीवरच जाऊन अडकतात. रॉकर शाफ्ट सोडवून त्याच्या ऑइलच्या छिद्रांतून तार फिरवली. एका रॉकरचे छिद्र पूर्ण बंद होते आणि त्याच्या टोकावर कोरडे घासल्याची निळसर झाक आली होती. तो रॉकर बदलावा लागेल.

२२ जून

चेंबर उतरवले.

आधी ऑइल काढण्याचा नट सोडवला, तर काहीच बाहेर आले नाही. छिद्रातून तार वर सारली तेव्हा प्रथम काळ्या गाळाची जाड वळी बाहेर आली आणि तिच्यामागून ऑइलची धार लागली. एकूण ऑइल ११ लिटरच्या आसपास निघाले. काट्यावर मात्र पातळी वरच्या खुणेला होती. वर्षानुवर्षे ऑइल बदलताना गरम करून, नट काढून, धार थांबेपर्यंत वाट पाहण्याची पद्धत येथे नीट पाळली गेली होती, तरीही तळाचा थर प्रत्येक वेळी जागीच राहिला आणि नवे ऑइल त्यावर ओतले गेले.

चेसिस घोड्यांवर घेऊन पुढचा ॲक्सल सैल सोडल्यावर चेंबर काढायला पुरेशी जागा मिळाली. पॅकिंग इतके चिकटले होते की कडेने पातळ पट्टी फिरवावी लागली. चेंबर जमिनीवर आले तेव्हा त्याच्या खोल भागात तीन ते चार सेंटिमीटर जाडीचा थर होता. वरचा भाग बोटाने दाबला तर खळगा पडत होता. खाली पत्र्याला लागून असलेला भाग कोरड्या डांबरासारखा टणक झाला होता आणि कामटीने उचलल्यावर त्याचे खपले निघत होते. त्या खपल्यांच्या कडेला एकावर एक चढलेले थर स्पष्ट दिसत होते, काही निव्वळ काळे, काही किंचित फिकट. ट्रक उभा राहिलेल्या पावसाळ्यांचे फिके थर आणि हंगामाचे काळे, असा माझा कयास आहे.

जाळीची स्थिती अपेक्षेपेक्षा वाईट होती. निम्म्याहून अधिक भाग गाळाने झाकला होता आणि त्या गाळात सिलिकॉन सीलंटच्या लाल दोऱ्या गुंतलेल्या होत्या. पूर्वी कोणीतरी पॅकिंगऐवजी, किंवा पॅकिंगवर भरपूर, सीलंट लावले असणार. नट आवळताना आत दाबले गेलेले सीलंट सुकून तुटते आणि पंप ते थेट ओढून घेतो. चाल वाढवल्यावर काटा का पडत होता, हे जाळी हातात घेऊन उजेडाकडे धरल्यावर वेगळे समजवावे लागले नाही. मिस्त्रींनी ती बराच वेळ फिरवून पाहिली आणि “रॉकेल घातलं असतं तर गेलं होतं इंजिन” असे स्वतःहून म्हटले. त्यांच्या तोंडून हे ऐकणे माझ्या दृष्टीने त्या दिवसाची कमाई.

२३ जून

काढलेला गाळ तोलून पाहिला : वरचा आणि खालचा मिळून तीन किलोच्या थोडा वर. निघालेले ऑइल आणि गाळ झाकणबंद डब्यांत वेगळे ठेवले आहेत. आमच्याकडे जळके ऑइल सेंट्रिंगच्या पाट्यांना, कुंपणाच्या खांबांना, अगदी बैलगाडीच्या आसालाही लावले जाते. परंतु घातक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, आणि शेडपासून ओढा जवळ असताना ही बाब केवळ कागदावरची राहत नाही. त्वचेलाही हे ऑइल वाईट असते, म्हणून या कामभर नायट्राइलचे हातमोजे वापरले. मिस्त्री ते घालत नाहीत.

चेंबर धुऊन, वाळवून, आतून तपासले. तळाशी गंजाचे बारीक खळगे आहेत, पण पत्रा भक्कम आहे.

२९ जून

बेअरिंग तपासली. एका वेळी एकच कॅप काढून, पाहून, परत त्याच जागी आणि त्याच दिशेने बसवायची, या नियमाला सोडून काही केले नाही. मुख्य बेअरिंगांचा करडा थर शाबूत आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांपैकी पाचव्या आणि सहाव्याच्या वरच्या पाट्यांवर मात्र करडा थर झिजून तांबूस रंग दिसू लागला होता. या दोन सिलिंडरांच्या क्रँकपिनवर ओरखडे नखाला लागत नव्हते, ही जमेची बाजू. प्लास्टिगेजची, म्हणजे दाबल्यावर किती पसरते यावरून फट मोजणारी, पट्टी ठेवून सर्व जागांचे अंतर मोजले आणि ते पुस्तिकेतील मर्यादेच्या आत मिळाले. तरीही रॉडच्या सहाही जोड्या नव्या घालण्याचे ठरवले, कारण चेंबर उतरवण्याचे कष्ट एकदा घेतल्यावर त्या पाट्यांची किंमत नगण्य आहे. रॉडच्या बोल्टांची मान मायक्रोमीटरने मोजली. जे ताणलेले वाटले ते बदलण्यासाठी वेगळे काढले. सुटे भाग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून आणायचे आहेत.

६ जुलै

गाळ साफ झाला म्हणून काम झाले असे होत नाही. पाणी आणि डिझेल ऑइलमध्ये येण्याच्या इतर वाटा बंद आहेत ना, हे पाहिल्याशिवाय नवे ऑइल भरायचे नाही असे ठरवले होते.

पाण्याच्या व्यवस्थेला हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवले. खालून उघड्या ब्लॉककडे विजेरी धरून पाहिले, कोठेही थेंब दिसला नाही आणि दाबही फारसा उतरला नाही. म्हणजे हेड गॅस्केट किंवा ब्लॉकमधून पाणी येत नाही. तव्यावर तडतडलेले पाणी ज्वलनाचे आणि हवेच्या दमटपणाचे होते.

नोझल काढून तपासणीच्या बाकावर नेले. सहापैकी दोन नोझल फवारा देण्याऐवजी टपकत होते. टपकणारे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ करते आणि अर्धवट जळून काजळीही वाढवते. दोन्हींच्या टिप बदलून दाब लावून घेतले. फ्युएल पंपाचे प्लंजर तूर्त ठीक आहेत.

गंधकाचा मुद्दाही नोंदवून ठेवण्यासारखा आहे. डिझेलमधील गंधक जळून जे वायू होतात ते पाण्याशी मिळून आम्ल बनवतात आणि ऑइलमधील अल्कधर्मी साठा खातात. या ट्रकने आयुष्याचा बराच काळ जास्त गंधकाच्या डिझेलवर काढला आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचे डिझेल मिळू लागल्यापासून हा भार बराच हलका झाला. चेंबरच्या तळाचे गंजाचे खळगे मला त्या जुन्या काळातले वाटतात.

२६ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आहे आणि शहराकडचे रस्ते पाण्याखाली असल्याने भाग आणणे अशक्य आहे. उघड्या ब्लॉकला खालून प्लॅस्टिक बांधले, क्रँकपिनवर स्वच्छ ऑइलचा हात फिरवला. काम बंद.

११ ऑगस्ट

जुळणी पूर्ण. बेअरिंग टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळली. चेंबरला नवे कॉर्कचे पॅकिंग लावले आणि सीलंट फक्त चार कोपऱ्यांच्या सांध्यांवर, मुगाच्या दाण्याएवढे. जाळी डिझेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून आणि हवेने फुंकून परत बसवली. ब्रीदरची जाळी साफ झाली, पण तिची नळी आतून फुगून अरुंद झाली होती. ती नवी घातली आणि तिला पूर्वीसारखा खोलगट बाक राहणार नाही याची काळजी घेतली, कारण त्या बाकात पाणी साचत होते.

थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून तापवला. ८० अंशांच्या आसपास तो हलू लागला आणि पाणी उकळण्याच्या आधी पूर्ण उघडला. मामांनी हे उभे राहून पाहिले. वॉल परत घालण्याला त्यांचा विरोध होता, म्हणून हा प्रयोग त्यांच्यासमोर करणे मला तोंडी समजावण्यापेक्षा सोयीचे वाटले. रेडिएटर बाहेरून धुतला आणि आतला क्षार काढून घेतला.

१८ ऑगस्ट

ऑइल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचे. काट्याच्या वरच्या खुणेपर्यंत १४ लिटरपेक्षा थोडे अधिक लागले. पूर्वी त्याच खुणेला ११ लिटर निघाले होते. मधली तीन लिटरची जागा गाळाने व्यापली होती. म्हणजे हे इंजिन कित्येक वर्षे पाऊण भरलेल्या ऑइलवर, काट्यावर पूर्ण दाखवत, चालत होते. कमी ऑइल लवकर तापते आणि लवकर मळते, त्यामुळे गाळाने गाळ वाढवला.

डिझेल बंद ठेवून प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने थांबून थांबून फिरवले आणि मगच चालू केले. गरम झाल्यावर मंद चालीला दीड बार, वाढत्या चालीला ४ बार, आणि ती चाल धरून ठेवल्यावर काटा जागचा हलला नाही. पाण्याचे तापमान ८२ अंशांवर स्थिरावले. यू नळीतील फरक १५ मिलिमीटर.

३१ ऑगस्ट

सुमारे ५०० किलोमीटर चालवून ऑइल आणि फिल्टर बदलले. नव्या ऑइलने उरलासुरला थर सोडवून घेतला असणार, म्हणून पहिला बदल इतका लवकर ठेवला होता. ऑइल गडद झाले होते, पण तव्यावर तडतडले नाही. फिल्टर करवतीने कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. काजळीचा बारीक चुरा आहे. चुंबकाला लागणारे कण नगण्य, तांबूस चमक नाही. फिल्टर कापून पाहण्याची सवय गॅरेजमध्ये फारशी नाही, वास्तविक इंजिन न उघडता त्याच्या आत डोकावण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

२१ सप्टेंबर

खडी भरून साखरप्याहून आंबा घाट चढवला. मिस्त्री बरोबर होते आणि त्यांची नजर रस्त्यापेक्षा गेजवर अधिक होती. सर्वांत तीव्र वळणांवर, दुसऱ्या गिअरमध्ये, पाण्याचे तापमान ९१ अंशांपर्यंत गेले आणि वर पोहोचल्यावर लवकरच ८३ वर उतरले. प्रेशर ३.५ बारच्या खाली आले नाही. मागचे सील या वेळी बदललेले नव्हते, तरी बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराखाली) लावलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन डागांपलीकडे काही नाही. ते तसेच ठेवणार आहे.

९ नोव्हेंबर

हंगामापूर्वीची तपासणी. दुसरा ऑइल बदल १,५०० किलोमीटरला झाला, त्यानंतरच्या थेंबाचा डाग फिल्टर पेपरवर कडेपर्यंत एकसारखा करडा पसरतो आहे. टॅपेट कव्हर पुन्हा उघडून पाहिले. स्प्रिंगा आणि परतीची छिद्रे मोकळी आहेत, कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यात मात्र फिक्या रंगाचा पुसट थर परत दिसला. त्याचे कारण चौकशीत कळले. ट्रक उभा असताना घरची मंडळी बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात. एवढ्या वेळात पाणी तयार होते, ते जाळून टाकण्याइतकी उष्णता तयार होत नाही, आणि बॅटरीतही स्टार्टरने घेतले तेवढे परत जात नाही. यापुढे ट्रक उभा असताना बॅटरीची तार काढून ठेवायची, आणि चालू करायचाच तर तापमानाचा काटा ८० वर येऊन अर्धा तास होईपर्यंत रस्त्यावर फिरवून आणायचा, असे मामांशी बोलून ठरवले आहे. हंगाम संपल्यावर ट्रक उभा करण्याच्या आधी ऑइल बदलायचे, पावसाळ्यानंतर नव्हे, म्हणजे आम्ल झालेले जुने ऑइल चार महिने बेअरिंगांवर बसून राहणार नाही.

पुढचा ऑइल बदल ३,००० किलोमीटरला. ओडोमीटर बंद असल्याने मामा कारखान्याच्या खेपांच्या पावत्यांवरून हिशेब ठेवतील. निळ्या रंगाची पट्टी काट्याच्या नळीला बांधून तिच्यावर तारीख लिहिली आहे. पाचव्या नोझलच्या परतीच्या नळीशी किंचित ओल आहे, तिचे तांब्याचे वॉशर मागवले आहेत.